सोबत कोण आहे? केटामाइन, मानसोपचार आणि आपला पेठ तालुका

आवणीचे दिवस आहेत, घाटात धुकं आहे, तरी एवढी माणसं आलात, त्याबद्दल आधी आभार. आम्ही 'आम्ही' म्हणतोय, कारण आज बोलणारा एक असला तरी तयारी चौघांची आहे. आम्ही डॉक्टर नाही. तालुक्यात माणसांचं ऐकून घेण्याचं काम करणारी, आणि जमेल तसं वाचणारी मंडळी आहोत. त्यामुळे आज औषध सांगायला उभे नाही. एका दाव्याची समीक्षा करायला उभे आहोत. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, तशी उपचाराच्या दाव्याचीही व्हायला हवी, कारण त्याचं तिकीट जास्त महाग असतं.

दावा असा आहे : 'केटामाइन आणि सोबत मानसोपचार दिला, तर जे नैराश्य इतर औषधांनी हटत नाही तेही हटतं.' मोबाइलवर याचे व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. या वाक्यात तीन शब्द आहेत. केटामाइन, मानसोपचार आणि सोबत. पहिल्या शब्दावर ढिगाने संशोधन झालंय. दुसऱ्यावर बोलणं पुष्कळ होतं. तिसऱ्याकडे कुणी बघत नाही. आज आम्हाला त्या तिसऱ्या शब्दावर बोलायचंय.

आधी एका घरची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिशीतला माणूस, दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जाणारा. वर्षभर त्याचं मन उठलेलं. झोप नाही, भूक नाही, घरात असून नसल्यासारखा. गोळ्या सुरू होत्या, बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या. मग कुणा पाहुण्याने व्हिडिओ दाखवला की एका सलाईनमध्ये डिप्रेशन जातं. घरच्यांनी पैसे उभे केले आणि शहरातल्या एका दवाखान्यात गेले. काउंटरवर पहिला प्रश्न आला, 'पेशंटसोबत कोण आहे?' भाऊ पुढे झाला, सही केली, बाहेर बाकड्यावर बसला. त्या संध्याकाळी परतल्यावर या माणसाने कित्येक महिन्यांनी स्वतः भाकरी मागितली. बैलाची चौकशी केली. आई रडली. आणि आठव्या-नवव्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला.

आता बघा. औषधाने काम केलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. ते केलं. पण हा परिणाम ओसरू शकतो, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला वाटलं, देवाने दिलं आणि काढून घेतलं. आणि तो स्वतः काय म्हणाला? 'एवढं महागाचं औषधसुद्धा मला लागलं नाही, म्हणजे मीच कामातून गेलोय.' आम्हाला भीती वाटली ती या वाक्याची. नैराश्यात माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो. शेवटचा म्हणून सांगितलेला उपाय फसला, की त्या दोषावर शिक्का बसतो.

म्हणजे चूक औषधाची होती का? त्यासाठी या औषधाची कुंडली थोडी मांडावी लागेल.

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध. १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते तयार केलं. १९६४ साली ते पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं, मिशिगनमधल्या एका तुरुंगातल्या कैद्यांना. ज्यांच्यावर प्रयोग झाला ती माणसं आधीच बंदिवान होती, हेही विसरू नये. प्रयोग करणारे एडवर्ड डॉमिनो यांना दिसलं की माणूस पूर्ण झोपत नाही, पण आजूबाजूपासून आणि स्वतःच्या देहापासून तुटल्यासारखा होतो. या अवस्थेला 'विलग करणारी भूल' अशा अर्थाचं इंग्रजी नाव सुचवलं ते डॉमिनो यांच्या पत्नीने. १९७० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरलं गेलं.

भूल म्हणून हे औषध गरिबाच्या उपयोगाचं आहे. श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, मोठं यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात अशा भुलीची किंमत काय असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याचबरोबर त्याचा नशेसाठी गैरवापर होतो. म्हणून आपल्या देशात २०११ साली ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आलं, आणि पुढे औषधांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये गेलं. म्हणजे ते कुलुपात ठेवायचं, नोंद ठेवायची, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. थोडक्यात, गरज म्हणूनही ते कपाटात आहे आणि धोका म्हणूनही.

मनाच्या आजाराशी त्याचा संबंध कधी आला? २००० साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नैराश्याच्या सात रुग्णांवर छोटा अभ्यास केला. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत, शिरेतून. चाळीस मिनिटांचं सलाईन आणि काही तासांत मन हलकं. नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात, म्हणून ही मोठी बातमी होती. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर असाच अभ्यास केला. दुसऱ्या दिवशी ७१ टक्के रुग्णांना लक्षणीय फरक होता. आठवडाभर तो टिकला ३५ टक्क्यांमध्ये. हे दोन आकडे नेहमी एकत्र सांगायला हवेत. जाहिरातीत पहिला असतो. आपल्या त्या घराच्या वाट्याला दुसरा आला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करू. 'आज रात्री जगायचं की नाही' या टोकावर उभ्या असलेल्या माणसासाठी काही तासांत उतरणारा भार म्हणजे लहान गोष्ट नाही. एका आठवड्याची सवलतसुद्धा जीव वाचवू शकते. २०२३ साली ४०३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केटामाइनची तुलना विजेच्या उपचाराशी, म्हणजे आपण ज्याला 'शॉक' म्हणतो त्याच्याशी केली होती. केटामाइनच्या गटात ५५ टक्क्यांना चांगला फरक पडला, शॉकच्या गटात ४१ टक्क्यांना. तेव्हा 'हे सगळं थोतांड आहे' असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणारा माणूस तेवढाच बेजबाबदार.

आमचा आक्षेप वेगळा आहे. 'केटामाइन आणि सोबत मानसोपचार' या एका नावाखाली निदान दोन वेगळे उपचार विकले जातात.

पहिल्या उपचारात केटामाइन हे मेंदूवरचं औषध आहे. ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा एक मार्ग ते अडवतं, त्यातून मेंदूतले जोड पुन्हा जुळायला मदत होते असा अंदाज आहे. इथे मात्रा कमी असते, आणि रुग्णाला जे विचित्र अनुभव येतात ते दुष्परिणामांच्या यादीत जातात. दुसऱ्या उपचारात नेमका तो अनुभवच औषध मानला जातो. सोव्हिएत काळात, १९८५ च्या सुमारास, लेनिनग्राडमध्ये येवगेनी क्रुपित्स्की यांनी दारूच्या व्यसनावर हा मार्ग घेतला. मात्रा कितीतरी मोठी. आधी तयारीच्या बैठका, मग औषधाच्या अंमलाखाली डॉक्टर शेजारी बसून बोलणार, मग जे दिसलं-वाटलं त्याचा अर्थ लावण्याच्या बैठका. १९९७ साली त्यांनी आकडे दिले : वर्षभर दारूपासून दूर राहिलेले केटामाइनच्या १११ जणांत ६६ टक्के, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या १०० जणांत २४ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण कोणाला कोणत्या गटात घालायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, त्यामुळे जे मनापासून सोडायला तयार होते तेच पहिल्या गटात गेले असतील, ही शंका राहतेच.

आज काय होतं? पहिल्या उपचाराची मात्रा घ्यायची, दुसऱ्या उपचाराची भाषा घ्यायची, आणि दुसऱ्यातल्या बैठका गाळायच्या. 'मनाचा प्रवास' वगैरे शब्द माहितीपत्रकावर, आणि प्रत्यक्षात सलाईन, पावती, पुढची तारीख.

कायद्याच्या कागदावरही तेच दिसतं. केटामाइनचाच एक भाऊबंद, एस्केटामाइन, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मंजूर झाला. मंजुरीत 'सोबत' हा शब्द होता. पण कशासोबत? तोंडाने घ्यायच्या नैराश्याच्या गोळीसोबत. संवादाच्या उपचाराची अट नव्हती. फवारा दवाखान्यातच मारायचा, दोन तास देखरेखीखाली बसायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, एवढं नीट लिहिलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ती गोळीची अटही काढली, फवारा एकटाच चालेल असं ठरलं. यात कुणाचा कट नाही. बाटलीची किंमत ठरवता येते, बोलण्याची ठरवणं अवघड असतं. कंपनी बाटलीचा अभ्यास करणार, कारण ती विकायची आहे. 'सोबत'चा अभ्यास करून कुणाला काय विकायचंय?

तरी काहींनी तो केला. इंग्लंडमध्ये २०२२ साली दारूच्या व्यसनाच्या ९६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार गट होते. काहींना केटामाइन आणि मानसोपचार, काहींना केटामाइन आणि फक्त दारूविषयी माहितीचे वर्ग, तसंच दोन गटांना साधं सलाईन. सहा महिन्यांत दारू न प्यायलेल्या दिवसांचं प्रमाण केटामाइन घेतलेल्यांत जास्त होतं, आणि सर्वांत मोठी तफावत 'केटामाइन आणि मानसोपचार' विरुद्ध 'सलाईन आणि माहिती' यांत दिसली. आनंद वाटतो ना? पण थांबा. ९६ जण चार गटांत म्हणजे गटाला चोवीस. त्यावरून 'मानसोपचाराची जोड दिल्यानेच फरक पडतो' असं छातीठोक म्हणता येत नाही. दिशा बरी आहे, एवढंच.

आणि मग २०२३ चा स्टॅनफर्डचा अभ्यास. आम्हा चौघांत सर्वांत जास्त वाद यावर झाला. नैराश्य असलेले ४० रुग्ण, ज्यांचं दुसऱ्या कारणाने ऑपरेशन व्हायचं होतं. नेहमीची भूल दिल्यावर, म्हणजे रुग्णाला काही कळत नसताना, निम्म्यांना केटामाइन दिलं आणि निम्म्यांना साधं सलाईन. म्हणजे आपल्याला काय मिळालं हे कुणाला ओळखता येणार नाही. निकाल काय? दोन्ही गटांचं नैराश्य बरंच उतरलं, आणि जवळजवळ सारखंच उतरलं.

आमच्यातला एक म्हणाला, 'म्हणजे केटामाइन फोल.' दुसरा म्हणाला, 'कशावरून? भुलीच्या औषधांचाही मनावर परिणाम असेल, आणि चाळीस माणसं म्हणजे काही फार नाहीत.' दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. पण एक प्रश्न उरतोच. ज्यांना फक्त मीठपाणी मिळालं त्यांना बरं कशाने वाटलं? आशेने, असं एक उत्तर आहे. आणि त्या आशेला आधार होता. या लोकांना कुणीतरी आधी बोलावलं होतं, सविस्तर विचारलं होतं, ऑपरेशननंतरही चौकशी केली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांना सोबत मिळाली होती.

आता पेठकडे येऊ. नाशिक इथून पन्नासेक किलोमीटर. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. २०१५-१६ साली निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणानुसार देशात नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नव्हते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की ही सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ती राहत्या जागेजवळ मिळायला हवी, त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. कायदा चांगला आहे. तो घाट चढून आला की कळवा.

हे ऐकून कुणी म्हणेल, जिथे गोळी नियमित मिळत नाही तिथे केटामाइन आणि मानसोपचाराची चर्चा कशाला? आम्ही उलट म्हणतो. या चर्चेत आपल्या तालुक्याला बोलायचा अधिकार आहे, कारण 'सोबत' या शब्दावर जगात जे थोडं गंभीर काम झालंय, त्यातलं काही याच मातीत झालंय.

२०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातलं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आणि बाएफ यांनी मिळून 'आत्मीयता' नावाचा प्रयोग आपल्या पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत केला. या सभागृहात त्या कामातलं कुणी बसलेलं असूही शकेल. आम्ही त्यात नव्हतो, नंतर वाचून समजून घेतलं. कल्पना साधी होती. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या माणसांना तयार करायचं. काहींनी 'मित्र' म्हणून कोण खचलंय ते ओळखायचं. काहींनी 'चॅम्पियन' म्हणून त्या व्यक्तीशी चार ते सहा वेळा बसून रीतसर बोलायचं : ऐकून घेणं, अडचणीचे तुकडे पाडणं, दिवसात एक तरी काम ठरवून करायला लावणं. मोबाइलवर दारू, घरातली भांडणं, बेकारी अशा विषयांवरच्या फिल्म दाखवायच्या. सरकारी योजनांची कागदपत्रं करून द्यायला मदत करायची. आणि आजार मोठा दिसला तर डॉक्टरकडे पाठवायचं. पुढे हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत केला गेला. म्हणजे पेठने शिकवलं आणि गुजरातने गिरवलं. आपण मात्र किती जणांना हे सांगतो?

गोव्यात 'संगाथ' संस्थेने याच्या पुढची पायरी गाठली. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले, समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भात 'विश्राम' प्रकल्पात, गावपातळीवर असं काम केल्यावर दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

या आकड्यांची केटामाइनच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. रुग्ण वेगळे, आजाराची तीव्रता वेगळी. गोव्यातले रुग्ण सगळे उपचार थकलेले नव्हते. आम्हाला एवढंच दाखवायचंय की 'सोबत' ही हवेतली गोष्ट नाही. ती शिकवता येते, मोजता येते, आणि पेठसारख्या ठिकाणी उभी करता येते.

मात्र तिच्याही मर्यादा सांगायला हव्यात, नाहीतर आमची समीक्षा एकतर्फी होईल. ज्याला भास होतात, ज्याने जीव द्यायचं ठरवलंय, ज्याचं खाणंपिणं सुटलंय, त्याला शेजारच्या ताईच्या चार बैठका पुरणार नाहीत. त्याला डॉक्टरच हवा, आणि कदाचित एक दिवस केटामाइनही हवं असेल. शिवाय गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, मनातली गोष्ट बाहेर जाईल ही भीती खरी असते. आणि दारूमुळे, पाण्यामुळे, स्थलांतरामुळे जे दुःख येतं, ते केवळ बोलून जात नाही.

आमच्यातल्याच एकाने विचारलं होतं, 'आपल्याकडे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात अंगात वारं येतं, माणूस स्वतःपासून सुटतो, नंतर हलकं वाटलं म्हणतो. मग हे केटामाइन काय वेगळं?' रसायन म्हणून पूर्ण वेगळं आहे, आणि भगताने नैराश्य बरं होतं असं आम्ही अजिबात म्हणत नाही. अंगात येतंय म्हणून आजारी माणसाला डॉक्टरपासून दूर ठेवल्याची उदाहरणं आपल्याला माहीत आहेत. पण एक फरक बघा. तिथे कुणी एकटा नसतो. आधी नेम पाळायचा असतो, सोबत माऊल्या असतात, नंतर सगळं गाव असतं. शहरातल्या त्या खोलीत आपला माणूस स्वतःपासून सुटला तेव्हा शेजारी यंत्र होतं, आणि भाऊ बाहेर बाकड्यावर होता.

मग कुणी असा उपचार सुचवला तर काय करायचं? आमचं म्हणणं, जायच्या आधी काही प्रश्न विचारा. आधी बोलायला कोण बसणार, आणि किती वेळ? रक्तदाब, हृदयाचा त्रास, पूर्वी भास झाले होते का, दारू किंवा नशेची सवय, हे सगळं विचारून घेतलं का? औषध चालू असताना खोलीत कोण असणार? परिणाम किती दिवस टिकेल असं तुम्ही समजता, आणि ओसरल्यावर आठव्या दिवशी फोन कोण करणार? पुनःपुन्हा घ्यावं लागलं तर किती वेळा, खर्च किती, सवय लागण्याचा आणि मूत्राशयाला इजा होण्याचा धोका कसा सांभाळणार? आणि भूलतज्ज्ञ आहेत का? यातल्या कुठल्या प्रश्नाने समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'फ्रेंड्स' मालिकेतले नट मॅथ्यू पेरी गेले. मृत्यू केटामाइनमुळे झाला, असं शवविच्छेदनात आलं. ते दवाखान्यात केटामाइनचा उपचार घेत होते, पण शरीरात सापडलेलं केटामाइन त्या उपचारातलं नव्हतं, बाहेरून मिळवलेलं होतं. पुढे दोन डॉक्टरांसह पाच जणांवर खटले झाले. पैसा होता, डॉक्टर होते, औषधही हवं तेवढं होतं. त्या दिवशी जवळ बसणारं कुणी नव्हतं.

त्या आपल्या माणसाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तो बरा झाला असं आम्ही म्हणणार नाही. नाशिकच्या डॉक्टरांच्या गोळ्या आता नियमित चालू आहेत. आमच्यातलं कुणीतरी आठवड्यातून एकदा त्याच्या ओट्यावर जाऊन बसतं. भावाला आम्ही समजावलं की सलाईन फसलं म्हणजे माणूस फसला असं नसतं. मागच्या महिन्यात तो नागलीच्या आवणीला उभा राहिला. दुपारी थकून घरी गेला, पण उभा राहिला.

कुणाला आज, आत्ता फार जड जात असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि सभा संपल्यावर आम्ही इथेच आहोत.

दवाखान्यात 'सोबत कोण आहे?' हा प्रश्न सहीसाठी विचारतात. उपचाराचा पहिला प्रश्न म्हणून तो विचारला जावा, एवढीच आमची मागणी. आता प्रश्न असतील तर विचारा, घाईने कुणी जाऊ नका, शेवटच्या गाडीला अजून वेळ आहे.